उणे पंधरा टक्क्यांच्या गाई

माझ्या सासूबाई शेजारणींना शेवटपर्यंत सांगत राहिल्या, "सून केमिकलमध्ये आहे." त्यात खोटं काही नव्हतं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नटबोल्टच्या दोन कारखान्यांमध्ये चेपून बसलेली आमची पशुखाद्य तपासणारी प्रयोगशाळा होती. तिथे ॲसिडं होती, काचेची भांडी होती, माझ्या अंगावर पांढरा कोट होता. त्या ॲसिडात मी काय उकळते, एवढा तपशील मात्र सासूबाई गाळायच्या. मी शेण उकळत असे. एकतीस वर्षं उकळलं. गाईचं, म्हशीचं, शेळीच्या लेंड्या, कधीमधी कोंबडीची विष्ठा. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, चुकल्याचुकल्यासारखं होतं का? हाताला होतं. नाकाला अजिबात होत नाही.

शेणात तपासायचं काय, असं बाहेरच्यांना वाटतं. रोग, जंत हे डॉक्टरांचं खातं. आमचं काम निराळं. जनावराने जे खाल्लं त्यातलं अंगी किती लागलं आणि किती तसंच मागच्या दाराने निघून गेलं, हे आम्ही सांगायचो. खाद्याच्या पोत्यावर ठळक छापलेलं असतं, प्रथिनं इतकी आणि स्निग्धांश इतका. छापायला काय जातं? चामड्याच्या चपलेतही प्रथिनं भरपूर असतात. ती गाईला पचणार आहेत का, हा खरा प्रश्न.

हे मोजायचं कसं? सरळ रस्ता म्हणजे गाय आठवडाभर एका जागी बांधायची, खाल्लेलं सगळं तोलायचं, टाकलेलंही सगळं तोलायचं. गाय दिवसाला पाटीभर टाकते आणि तेही आपली सोय बघून टाकत नाही. म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. माझा मुलगा लहानपणी पोह्यांतले शेंगदाणे खायचा नाही. भरल्या बशीत वीस दाणे असले तर शेवटीही वीसच. मी स्वयंपाकघरातून येऊन बशीकडे नजर टाकली की स्वारीने किती खाल्लं ते मला कळायचं. आधी चमच्यात दोन दाणे यायचे, आता चार येतायत, म्हणजे अर्धे पोहे पोटात गेले. बशी तोलायला नको आणि पोरावर पहाराही नको. एक चमचा पुरतो.

गाईसाठी हा शेंगदाणा आम्ही मुद्दाम घालायचो. न पचणारी, अंगी न लागणारी भुकटी खाद्यात मोजून मिसळायची, दहा दिवस खाऊ घालायची आणि शेणात ती किती दाट झाली ते बघायचं. जितकी दाट, तितकं खाद्य जास्त पचलं. अलीकडे पांढरी भुकटी वापरतात. आमच्याकडे बरीच वर्षं क्रोमची हिरवी भुकटी होती, दुकानाच्या शटरला मारतात तसल्या हिरव्या रंगाची. शेण वाळवायचं, दळायचं, भट्टीत जाळून राख करायची, राख ॲसिडात उकळायची. मग त्या हिरव्याचं केशरी पाणी होतं आणि ते किती गडद आहे हे यंत्र सांगतं.

वाळवणं आणि दळणं रफिकभाईंकडे होतं. जुन्या नाशकातला हा गृहस्थ तोंडावर रुमाल बांधून दिवसभर शेण दळायचा आणि घरी जाताना अत्तर लावायचा. ते कामाला लागले त्याच आठवड्यात केशरी पाण्याकडे बघून मला म्हणाले होते, "मॅडम, हे बाहेर कुणाला सांगू नका हां. आपण रोज हिरव्याचा केशरी करतो, आणि तोपण शेणातून. दोन्हीकडचे लोक मारायला येतील."

गिऱ्हाइकं एकेक नग. सिन्नरकडच्या एका गोठेवाल्याने नमुना श्रीखंडाच्या डब्यात आणला आणि मी जागेवर नाही बघून ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवून गेला. प्रयोगशाळेचे मालक, म्हणजे आमचे सर, पशुआहाराचे निवृत्त प्राध्यापक आणि गोडाचे अट्टल शौकीन. त्यांनी डबा उघडला. चमचा आत घातला नव्हता, एवढंच सांगते. त्यानंतर दारावर पाटी लागली, की खाण्याच्या डब्यात नमुना घेतला जाणार नाही. पुढच्या आठवड्यात एकजण पेढ्यांच्या खोक्यात घेऊन आला. आणखी एका व्यापाऱ्याच्या खाद्यात मूठमूठ वाळू निघाली. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, जनावराचं वजन वाढायला नको का?"

अशा लोकांमुळे माझा संशयी स्वभाव चांगला पोसला गेला. त्यात माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही असा माझा लौकिक होता. लौकिकाचा एक तोटा असतो, तो हळूहळू आपल्यालाही पटायला लागतो. माझा तो उतरला कसा, ते सांगायला बसले आहे.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकती झाली होती. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून यमुनाबाई नावाची पस्तिशीची बाई आली. चपला दाराबाहेर काढल्या आणि पिशवीतून खाद्याचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. ती धरून पाड्यावरच्या पाच बायका आणि तिची सासू मिळून त्यांचा गट होता. खुरासणीची पेंड, भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, गूळ आणि मीठ कालवून त्यांनी स्वतः खाद्य तयार केलं होतं. जवळच्या दूध संस्थेला ते हवंही होतं, पण संस्थेचे सचिव अडून बसले होते. बायकांनी घरी कालवलेलं ढोरांनी खाल्लं आणि दूध आटलं तर जबाबदार कोण? आधी लॅबचा कागद आणा.

"कागद मिळंल का, मॅडम? जीप यायच्या आधी पायजे," यमुनाबाई म्हणाली.

"कसली जीप?"

"द्राक्षाची. भात झोडून झालं का मुकादम जीप घेऊन येतो. आम्ही सगळ्या जातो, पार उन्हाळा लागंपर्यंत. पोरं म्हातारीजवळ. औंदा खाद्याचं काम लागलं तर कुणाला जायाला नको."

तिने रडगाणं लावलं नाही. एखादी बाई दुकानात साखर आहे का विचारते तितक्या साधेपणाने तिने हे सांगितलं. सर आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी पुडक्यातलं चिमूटभर खाद्य हुंगलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "नुसतं खाद्य नाही तपासायचं. गाईंवर चाचणी घेऊ. पुरता कागद देऊ."

चार दिवसांनी मी आणि रफिकभाई प्रयोगशाळेची व्हॅन घेऊन पाड्यावर पोचलो. सहा बायका आणि सहा डांगी गाई आमची वाट बघत उभ्या होत्या. मी प्रत्येकीला दहा पुड्या दिल्या. रोज एक पुडी खाद्यात कालवायची, पेंढा या ताणकाट्याने तोलून घालायचा, शेवटचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ओंजळभर शेण घ्यायचं, तेही वरचं, मातीला न लागलेलं. पिशवीवर नाव लिहायचं. यमुनाबाईची सातवीतली मुलगी मंगल हे सगळं वहीत उतरवून घेत होती.

एकीने पुडी उघडून बघितली. "हे हिरवं काय हाय, मॅडम?"

पोह्यांची गोष्ट माझ्या ओठांवर होती. पण ऊन कलायला आलं होतं, परतीला घाट होता, आणि खरं सांगायचं तर मनात आलं, यांना काय कळणार आहे? मी म्हटलं, "औषध समजा. ढोरांना काही होत नाही." आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले.

ठरल्या दिवशी पिशव्या आल्या. रफिकभाई त्या घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"मॅडम, इतकं साफ शेण मी जिंदगीत बघितलं नाही. पाच जणींच्या पिशव्या एकदम नीट, वासपण नाही. सहावीची मात्र नेहमीसारखी, हिरवीगार."

"सहावी कुणाची?"

"ठकूबाई लिहिलंय."

ठकूबाई म्हणजे यमुनाबाईची सासू, सत्तरीची. "म्हातारीने दोनदोन पुड्या एकदम घातल्या असतील," मी म्हटलं आणि विषय संपवला.

आकडे आले आणि मी खुर्चीत ताठ झाले. पाच गाईंच्या शेणात भुकटी दाट व्हायच्या ऐवजी विरळ झाली होती. खाद्यात होती त्याहून कमी. गणित मांडलं तर पचन निघालं उणे पंधरा टक्के. म्हणजे गाय शंभर किलो खाते आणि एकशे पंधरा किलो टाकते. सरांनी कागद पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "हे खरं असेल तर प्रयोगशाळा बंद करू. सहा गाई घेऊ आणि खत विकू," ते म्हणाले.

मी शेण पुन्हा पुन्हा दळायला लावलं, तपासलं. उणे पंधरा. यंत्र साफ केलं, ॲसिड नवं घेतलं, पुन्हा उणे. मग मी रफिकभाईंना विचारलं, पिशव्यांची अदलाबदल झाली का, दुसऱ्या कुठल्या नमुन्यात मिसळलं का. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला. "एकवीस वर्षांत माझ्याकडून एक पिशवी बदलली नाही, मॅडम," एवढंच म्हणाले आणि पुन्हा दळायला गेले. त्या दिवशी जाताना त्यांनी अत्तर लावलं नाही.

सहाव्या, म्हणजे ठकूबाईच्या गाईचा आकडा होता एकसष्ट टक्के. पेंढ्यावर जगणाऱ्या गाईला एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. पण पाच जणी एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला. मी तिच्यावर लाल पेनने काट मारली. आकड्यांत बहुमत चालत नाही हे नव्या मुलामुलींना मीच शिकवत असे.

मग मी माझा निष्कर्ष काढला. बायकांनी भुकटी घातलीच नाही, निदान पुरती घातली नाही. घाबरल्या असतील, नाही तर कंटाळल्या असतील. यमुनाबाईला फोन लावला.

"भुकटी रोज घातली होती?"

"घातली, मॅडम."

"सगळी?"

"सगळी."

"मग शेणात का दिसत नाही?"

पलीकडे ती गप्प झाली. ते गप्प बसणं मला कबुलीसारखं वाटलं. होती ती कबुलीच, पण मी धरलेल्या गुन्ह्याची नव्हती. मी अहवालात लिहिलं, "भुकटी सूचनेप्रमाणे दिलेली दिसत नाही. नमुने ग्राह्य नाहीत." एक प्रत दूध संस्थेला गेली. सचिवांनी चारचौघांत सांगितलं, बायांनी लॅबलाच टोपी घातली. आठवड्याने जीप आली. माझी झोप काही उडाली नाही, हेही कबूल करते.

पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ताणकाटा तिकडेच राहिलाय. तो आणायला मी निघाले तर रफिकभाई आपणहून व्हॅनमध्ये येऊन बसले. पाड्यावर शुकशुकाट होता. ठकूबाई अंगणात गाईंना पेंढा टाकत होती. सहाही गाई आता तिच्याच दावणीला होत्या, पाच घरची पोरंही तिच्याच अंगणात. मंगल एका बारक्याला न्हाऊ घालत होती.

"या, मॅडम. काटा न्यायाला आलात ना? हा घ्या. फडक्यात गुंडाळून ठेवलाय."

मी काटा घेतला आणि जरा करड्या आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही भुकटी किती घातली होती?"

"रोज एक पुडी. कागद हायत ना." तिने कोनाड्यातून पुड्यांचे कागद काढून दाखवले. घडी घातलेले, बरोबर दहा.

"मग तुमच्याच गाईचं शेण एवढं हिरवं कसं?"

ठकूबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखं झालं. "हिरवं घातलं तर हिरवंच येणार. लाल यील काय?"

रफिकभाई तोंडावर रुमाल नसतानाही तोंड झाकून हसायला लागले.

"मग बाकीच्यांचं हिरवं का नव्हतं?"

"त्यांनी धुतलं ना."

"काय धुतलं?"

"शेण."

मी तिथल्याच ओट्यावर बसले. मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या दिवसापासून गाई हिरवंगार टाकायला लागल्या, तेही वाळल्या पेंढ्यावर. बायका घाबरल्या. सचिवांची मोटरसायकल दर दोन दिवसांनी त्या रस्त्याने जायची. त्यांनी पाहिलं तर म्हणतील, खाद्याने ढोरं बिघडली. आणि लॅबच्या मॅडमनी पाहिलं तर? त्याही म्हणतील, गाय आजारी आहे, कागद मिळणार नाही. शेवटी यमुनाबाईनेच तोड काढली. बादलीत घ्यायचं, विसळायचं, चाळणीवर गाळायचं, पिळून पिशवीत भरायचं. तीन पाण्यांनी. शिवाय शहरात पाठवायचं तर घाण कशी पाठवायची? आमच्या प्रयोगाचे बहुतेक शेंगदाणे ओढ्याला वाहून गेले होते.

"तुम्ही का नाही धुतलं, आजी?"

"मी सुनेला बोलले, शेण धुतल्यालं कधी ऐकलंय का? ढोरानं टाकलं ते ढोराचं बोलणं. आपण मधी कशाला बोलायचं?" मग ती पेंढ्याची पेंडी खाली ठेवून माझ्यासमोर आली. "आन् मॅडम, तुम्ही आधी सांगायचं ना, हिरवंच मोजायचं हाय म्हणून. आम्ही कशाला धुतलं असतं? तुम्ही औषध बोललात. औषधानं ढोर हिरवं झालं तर माणूस घाबरंल का नाय?"

एकतीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नाही. सहा नमुन्यांतला एकच खरा होता आणि त्याच्यावर मी लाल काट मारली होती. पाच बायका लबाड ठरल्या त्या माझ्या दोन ओळींनी, आणि त्यांनी केलेलं पाप एवढंच, की मला चांगलं द्यावं म्हणून त्यांनी शेण धुतलं.

"आजी, पुन्हा करू या का?" मी विचारलं.

खाद्याची तीन पोती छपरात शिल्लक होती. व्हॅनमध्ये भुकटीची बरणी होती, कारण रफिकभाईंनी निघताना ती न विचारता ठेवली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या खेपेला मी ओट्यावर मांडी घालून बसले आणि आजी-नातीला पोह्यांची सगळी गोष्ट सांगितली. मंगलने वहीत बशी काढली, दाणे काढले, अर्धे पोहे खोडले आणि लगेच म्हणाली, "म्हणजे दाणे दुप्पट दिसणार." ठकूबाई म्हणाली, "दाणेच मोजायचे होते व्हय? एवढं सोपं होतं तर लपवलं कशाला?"

दहा दिवस सत्तरीची म्हातारी सहा गाईंना पुड्या घालत होती. मंगलने पिशव्यांवर नाव, वार, वेळ, आणि गाय उभी होती की बसली होती हेही लिहून पाठवलं. नमुने आले ते रीतसर घाण, हिरवे आणि वासाचे. रफिकभाईंनी पिशवी उघडून खोल श्वास घेतला. "हां. आता बरं वाटलं," ते म्हणाले.

सहाही गाई अठ्ठावन्न ते त्रेसष्टच्या आत बसल्या. मी चहाचे दोन कप घेऊन दळणाच्या खोलीत गेले. "रफिकभाई, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं." त्यांनी कप घेतला. "संशयाचं जाऊ द्या, मॅडम. पण तीन वेळा परत दळायला लावलं, त्याचं काय?"

नवा अहवाल लिहिताना सर म्हणाले, वर 'सुधारित' असा शब्द घाला, पुरे, कारणं देत बसायचं नसतं. प्रयोगशाळेचा दबदबा राहायला हवा. मी तरी लिहिलं, "पहिल्या चाचणीत भुकटी कशासाठी आहे हे जनावरांच्या मालकिणींना सांगितले नव्हते. त्यामुळे नमुने बिघडले. चूक प्रयोगशाळेची आहे." सरांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, श्रीखंडाच्या डब्याची आठवण झाल्यासारखा चेहरा केला आणि सही केली.

संस्थेत मी स्वतः गेले. सचिवांसमोर, दूध घालायला आलेल्या लोकांसमोर अहवाल मोठ्याने वाचला. "म्हणजे गाई पास झाल्या म्हणायच्या?" सचिव म्हणाले. "गाई आधीच पास होत्या. नापास मी झाले होते," मी म्हटलं. लोक हसले. सचिवही हसले, आणि लगेच कामाचं बोलले. "पण बाया कुठंयत? मला सोमवारी वीस पोती पायजेत. नायतर व्यापाऱ्याचा माल येतोय, मग पुढच्या सालापर्यंत काय नाय."

तो दिवस गुरुवार होता. यमुनाबाईचा फोन बंद लागत होता. घरच्या फोनवर मंगलला विचारलं, तर तिला एवढंच ठाऊक होतं, की दिंडोरीच्या पुढे कुठेतरी मोठी बाग आहे आणि मुकादमाची जीप पिवळी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि रफिकभाई पिवळी जीप शोधत हिंडलो. चौथ्या बागेबाहेर ती सापडली.

मांडवाखाली बायका माना वर करून, हात वर धरून कात्रीने घडांतले बारके मणी कापत होत्या. मला पाहताच यमुनाबाईचे हात खाली आले. चेहरा उतरला. मी पुन्हा काहीतरी चूक दाखवायला आलेय, असंच तिला वाटलं.

"आता काय राह्यलं, मॅडम?"

मी कागद पुढे केला. तिने हात लुगड्याला पुसले, कागद धरला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. तिने ती पुन्हा वाचली.

"म्हणजे आम्ही लबाड नाय."

"नाही."

"हे त्यांच्यासमोर वाचलं?"

"सगळ्यांसमोर. मोठ्याने."

ती मांडवाखाली मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली. माझेही डोळे भरले, आणि रफिकभाई द्राक्षाच्या घडांची फारच बारकाईने पाहणी करायला लागले. मग मी सोमवारचं आणि वीस पोत्यांचं सांगितलं. यमुनाबाई उठली आणि मांडवाच्या त्या टोकापर्यंत पोचेल अशी हाक मारली. चार डोकी वेलींखालून वर आली. त्या बागेतलं काम त्याच दुपारी संपत होतं. मुकादमाने जरा कुरकुर केली, पण पाचही जणी ठाम उभ्या राहिल्यावर त्याला जीपमधल्या मोकळ्या जागेची चिंता करत बसण्यापलीकडे काही उरलं नाही.

आमची व्हॅन पाच माणसांची. सात माणसं, पाच गाठोडी आणि एक पातेलं घेऊन ती निघाली. रस्त्याला लागल्यावर यमुनाबाईने रफिकभाईंचा फोन मागून घेतला आणि घरी लावला.

"मंगल, मी येतेय."

पलीकडून मंगल काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. यमुनाबाई म्हणाली, "आत्ता. निघालो पण." मग तिचा आवाज बारीक झाला. "मागल्या साली येते बोलले होते, पण तवा सुटका नाय झाली. आता खरंच." तिने फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा. माझं पटत नाय तिला."

मी फोन कानाला लावला. "मॅडम," मंगल म्हणाली, "आई खरंच येतेय का?"

इतक्या वर्षांत कुठलीही गोष्ट मी 'साधारण', 'सुमारे', 'दिलेल्या नमुन्यापुरती' असं शेपूट लावल्याशिवाय सांगितली नव्हती.

"येतेय," मी म्हटलं. "माझ्या शेजारी बसलीय."

मग फोन कुठेतरी टाकल्याचा आवाज आला आणि लांबून ओरडणं, "आजे! आई येतेय! सगळ्यांच्या आया येतायत!" मग पळणारी पावलं, आणखी पोरांचे आवाज, मध्येच एका गाईचं हंबरणं. फोन तिने बंद केलाच नव्हता. रफिकभाईंनी गाडीतला रेडिओ बंद केला. घाट लागून रेंज जाईपर्यंत आम्ही सातही जणं त्या घरातला गोंधळ ऐकत राहिलो.